तांदळाच्या भाकरीचा सण

एवढ्या जुन्या गोष्टीचा राग धरू नये, असं माझी धाकटी बहीण मला सांगते. ती तेव्हा लहान होती, तिला काही आठवत नाही, म्हणून तिला ते सोपं जातं. मला सगळं आठवतं. टोपलीवरचं फडकं कुठल्या जुन्या धोतराचं होतं, तेसुद्धा आठवतं. राग मी मुद्दाम धरलेला नाही. तो आपणहून राहिला आहे, आणि तो जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. कोकणात आमच्या वाडवडिलांना शनवारतेली म्हणायचे, कारण ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. माझे वडील मात्र फिटर होते. कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. कारखान्याच्या कॉलनीत ज्यूंचं घर आमचं एकटंच. जवळची मशीद कोपरगावला, जवळचं देऊळ कॉलनीच्या फाटकाशी, आणि आमचं प्रार्थनेचं ठिकाण थेट पुण्याला. त्यामुळे सगळे सण घरात. बाबा प्रार्थना म्हणायचे, आई, मी आणि बहीण ऐकायचो, आणि खिडकीतून कॉलनीतली पोरं बघायची.

आमचा मोठा सण पेसाह, मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याचा. घरातली जुनी माणसं त्याला अनास झाकायचा सण म्हणत. अनास म्हणजे आंबवणाची बरणी. तिच्यावर आठ दिवस झाकण ठेवायचं, घरात आंबलेलं, फुगलेलं काही ठेवायचं नाही. सणाच्या आधी घर उलटंपालटं व्हायचं. भिंतींना चुना लागायचा, डबे घासून उन्हात पालथे पडायचे, आणि कोपरगावातून कल्हईवाला येऊन आमच्या दारात भाता लावायचा. तो मुसलमान होता. आमच्या सणाचं त्याला स्वतःहून ध्यान असायचं. एरवी लोक एकदोन भांडी द्यायचे. घरातलं एकूण एक भांडं एकदम बाहेर काढणारे आम्हीच.

त्या आठ दिवसांत बाजरीची भाकरी बंद. मुंबईहून बिनखमिराच्या पातळ पोळ्यांचं पुडकं यायचं, पण ते पहिल्या रात्रीच्या विधीला जेमतेम पुरायचं. बाकी सगळे दिवस तांदळाची भाकरी. कोकणातल्या माणसांचं ते रोजचं अन्न. नगर जिल्ह्यात, बाजरी-ज्वारीच्या मुलखात येऊन ते आमच्या घरी सणाचं झालं. आई तांदूळ निवडायची, धुवायची, सावलीत बाजेवर वाळवायची. गिरणीत दुसरं पीठ मिसळतं म्हणून दळण घरच्या जात्यावर. शेजारच्या क्वार्टरमधली काकू समोर बसून खुंटा धरायची. तिचा नवरा कारखान्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. ती ओव्या म्हणायची, भावाबहिणीच्या, माहेरच्या, आणि त्या ओव्यांवर आमच्या पेसाहचं पीठ पडायचं. ते विचित्र आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

तिथं सगळं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. सणाची रजा मागायला बाबा टाइमकीपरकडे गेले की दर वर्षी तोच प्रश्न. "हा कुठला सण? कॅलेंडरात तर दिसत नाही." मग बाबा समजावून सांगायचे. ख्रिश्चन नाही, मुसलमान नाही, पारशी तर नाहीच. टाइमकीपर मान हलवायचा आणि पुढच्या वर्षी परत विचारायचा. शाळेत एका बाईंनी मला वर्गात उभं करून विचारलं होतं, "तुम्ही नक्की कोण गं?" आणि मी रडत घरी आले होते. बाबांचे धाकटे भाऊ आधीच इस्रायलला गेले होते. त्यांची पत्रं यायची आणि बाबा ती परत परत वाचायचे. एकदा जेवताना म्हणाले, "एक सण असा करायचाय, की कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. लोकच आपले असतील. मग मेलो तरी चालेल."

आई म्हणाली, "जेवताना मरणाचं बोलू नका."

पण इस्रायलला जायचं ठरलं. माझ्या लग्नाचाही प्रश्न होताच. मी एकोणीस वर्षांची, डी.एड. करत होते, आणि आसपासच्या तीन-चार तालुक्यांत आमच्यातला एकही मुलगा नव्हता. मला जायचं नव्हतं. मी बाबांशी भांडले, दोन दिवस जेवले नाही. त्याचा काही उपयोग झाला नाही.

जाण्याआधीचा शेवटचा पेसाह बहात्तर सालचा. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. कालव्याला पाणी नाही, ऊस वाळलेला, कारखान्याचा हंगाम लवकरच आटपला होता. पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली माणसं अर्ध्या हंगामात गाड्या जुंपून परत गेली, आणि परत जाऊन खाणार काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. रेशनच्या दुकानात तांदूळ यायचा बंद झाला होता. आई दुकानदाराकडे दोनदा जाऊन आली. मग म्हणाली, "ह्या वर्षी राहू दे. बटाटे उकडून खाऊ."

काकूनं हे भिंतीपलीकडून ऐकलं असावं. दोन दिवस तिच्या दाराला कडी होती. तिसऱ्या दिवशी एस.टी.तून उतरून ती डोक्यावर गाठोडं घेऊन आली आणि आमच्या ओट्यावर ते ठेवून पदरानं तोंड पुसत बसली. तिचं माहेर नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या डोंगरात, भाताच्या मुलखात. गाठोड्यात तांदूळ होता, जाडाभरडा, लालसर, हातसडीचा.

आई म्हणाली, "अहो, तुमच्याकडंच काही नाही. हे कशाला आणलंत?"

"माझ्या भावाकडं व्हता थोडा," काकू म्हणाली. "त्याला म्हन्लं, आमच्या शेजारनीचा सन हाय. तिला तांदळाबिगर चालत न्हाई. दिला त्यानं."

"तुमच्या पोरांना ठेवा की."

"पोरं खातील बाजरी. तुमचा द्येव तांदूळ मागतोय, त्याला मी काय सांगू, दुस्काळ हाय म्हनून?"

आईनं तिच्या पायाला हात लावला. माझी आई कुणाच्या पाया पडणारी नव्हती, आमच्यात तशी पद्धतही नाही. काकू घाबरून मागं सरकली आणि म्हणाली, "वैनी, आसं करू नगा. त्यापरीस तुमच्या द्येवाला सांगा, आमच्याकडं पाऊस पाड म्हनावं."

बाबा दारात उभे होते. त्यांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "या सणाला आमच्यात पाऊस मागत नाहीत हो. दव मागतात. तशी प्रार्थना आहे."

"दव तर दव," काकू म्हणाली. "घशाला वल आली म्हंजी झालं."

सणाच्या पहिल्या सकाळी बाबांनी दवाची प्रार्थना दोनदा म्हटली. पाऊस अर्थातच आला नाही. आम्ही जूनमध्ये निघालो तेव्हा गोदावरीच्या पात्रात बैलगाडीच्या चाकोऱ्या पडल्या होत्या. निरोपाच्या चहाला कारखान्यातले एक साहेब बाबांना म्हणाले, "बरं केलंत. आज ना उद्या तुम्हाला तुमच्या देशात जायचंच होतं." बाबा हसले. मला मात्र त्या साहेबांच्या हातातली बशी उलटी करावीशी वाटली. ज्या माणसानं तुमच्या बॉयलरवर पंचवीस वर्षं हात भाजून घेतले, तो इतके दिवस कुणाच्या देशात होता? आई जातं काकूच्या ओसरीवर ठेवून आली. ते विमानात नेता येणार नव्हतं.

आम्हाला मिळालं ते वाळवंटातलं एक नवं गाव. पांढऱ्या सिमेंटच्या चाळींसारख्या इमारती, मध्ये वाळू, वाळूत लावलेली काठीएवढी झाडं. बाबांना कापडाच्या कारखान्यात काम मिळालं. फिटरचं नाही, झाडायचं. भाषा आली की बघू, असं सांगितलं. प्रार्थनेची हिब्रू त्यांना तोंडपाठ होती, पण तिच्यात कुणी पाना-पेंचिस मागत नाही. मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन भाषा पटकन शिकले आणि घरातली दुभाषी झाले. दवाखाना, दुकान, वीज, सगळीकडे बाबा माझ्या मागे उभे राहायचे. कॉलनीत ज्यांना लोक वाट सोडायचे, ते माझे बाबा.

तरी त्यांनी तक्रार केली नाही. ते पेसाहची वाट बघत होते.

सणाच्या आधी आमच्या भाषेच्या वर्गात शिक्षिका म्हणाली, "पहिल्या रात्री गावाच्या हॉलमध्ये नव्यानं आलेल्या सगळ्यांसाठी एकत्र जेवण आहे. प्रत्येक घरानं आपापल्या देशातला सणाचा एक पदार्थ आणायचा." हे तिनं सगळ्या वर्गाला सांगितलं. मी ते नीट ऐकलं आणि घरी येऊन नीट सांगितलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे ती म्हणाली की तिचा तसा अर्थ नव्हता.

आईला काय करायचं हा प्रश्नच पडला नाही. तिनं दुकानातून तांदूळ आणले आणि चष्मा लावून एकेक दाणा निवडला. गहू-जवाचा एखादा दाणा चुकून राहू नये म्हणून तीन वेळा निवडायचे, अशी आमच्यातली पद्धत. जातं नव्हतं. खालच्या मजल्यावर बगदादहून आलेली एक म्हातारी राहायची. तिचा भाऊ पूर्वी मुंबईत व्यापारात होता, त्यामुळे तिला चार हिंदी शब्द यायचे, आणि त्या चार शब्दांवर तिची आणि आईची मैत्री जमली होती. आईनं तिचा पितळी खलबत्ता मागून आणला. तांदूळ कुटून, चाळून, परत कुटून पीठ केलं. दोन दिवस लागले. तळहाताला फोड आला, तो फुटला, त्यावर तिनं चिंधी बांधली आणि डाव्या हातानं कुटत राहिली. भाकरी मात्र तिनं सणाच्या दिवशी दुपारीच केल्या, पातळ, पापुद्रा सुटलेल्या, पौर्णिमेच्या चंद्रासारख्या पांढऱ्या. टोपलीत बाबांच्या धुतलेल्या धोतराचं फडकं घालून त्या रचल्या.

बाबांनी पांढरा लेंगा, काळा कोट आणि टोपी घातली. निघताना त्यांचा चेहरा मी पाहिला. लग्नाला निघालेल्या माणसासारखा होता.

हॉलमध्ये लांब टेबलं, पांढरे कागद अंथरलेले, दोनएकशे माणसं. दाराशीच व्यवस्था पाहणारे गृहस्थ उभे होते. चष्मा, नीट कापलेली दाढी, पन्नाशीचे. ते युरोपातून आलेले होते आणि त्यांनी तिथं हिटलरच्या काळात काय काय भोगलं होतं हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. म्हणून मी त्यांच्याबद्दल काही बोलायचं नाही, असं मला पुष्कळांनी सुचवलं आहे.

त्यांनी फडकं उचललं. "हे काय?"

मी म्हटलं, "तांदळाची भाकरी. आमच्याकडे सणाला करतात."

"तांदळाची," ते म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. युरोपातले ज्यू पेसाहला तांदूळही वर्ज्य धरतात, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. "पेसाहला तांदूळ? हे आत येऊ शकत नाही. सगळा हॉल शुद्ध केलेला आहे." आणि त्यांनी दोन बोटांनी टोपलीची कडी धरली, ती शरीरापासून लांब ठेवून बाहेर नेली, आणि पायऱ्यांच्या कडेला कचऱ्याचं पिंप होतं, त्याच्या शेजारी जमिनीवर ठेवली. परत येऊन हात धुतले. साबण लावून.

आई मला म्हणाली, "काय म्हणतात ते?"

मी सांगण्याआधी ते गृहस्थ परत बोलले. मला म्हणाले, "तुझ्या वडिलांना विचार, तुम्ही कुठल्या देशातून आलात? तिथं तुमच्याकडे धर्मगुरू होते का? तुम्ही नक्की यहुदीच आहात, याची कुणी खात्री केली होती?"

मागं रांग लागली होती. लोक ऐकत होते. कुणी हसलं नाही, हे खरं आहे. कुणी काही बोललंही नाही. रांगेत माझी शिक्षिका होती आणि ती आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

हे मी बाबांना मराठीत कसं सांगायचं? ज्या भाषेत आमच्या पिढ्यांनी देवाचं नाव घेतलं, त्या भाषेत मी माझ्या बापाला विचारायचं, की बाबा, तुम्ही ज्यू आहात का? मी म्हटलं, "ते विचारतायत, तांदूळ कुठून आणला."

बाबा म्हणाले, "ते एवढंच विचारत नाहीत."

त्यांना भाषा कळत नव्हती, पण चेहरे कळत होते. बॉयलरचा आवाज ऐकून आत काय बिघडलंय ते सांगणारा माणूस. मग मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. माझा आवाज थरथरत होता आणि तो रडण्यानं थरथरतोय असं त्या गृहस्थांना वाटलं असावं, कारण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला.

टाइमकीपर दर वर्षी विचारायचा, शाळेतल्या बाईंनी विचारलं होतं. त्यांना माहीत नव्हतं म्हणून विचारलं. आम्ही सांगितलं की ते मान हलवायचे आणि विषय संपायचा. इथे त्या माणसाला सगळं माहीत होतं. सण माहीत होता, गुलामी माहीत होती, सुटका तर स्वतःची माहीत होती, आणि तरी तो विचारत होता.

बाबांनी टोपी नीट केली. हळू म्हणाले, "त्यांना सांग, होय."

"एवढंच?"

"एवढंच. होय म्हण. आणि आत चल. लोक खोळंबलेत."

आईनं बाबांकडे पाहिलं. मग ती वळली आणि बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले. बाबा धाकटीचा हात धरून आत गेले आणि बसले. ते बसले, ही गोष्ट मी त्यांना ते असेपर्यंत माफ केली नाही. त्यांना काय हवं होतं ते मला समजत होतं. आयुष्यभर चार माणसांत जी प्रार्थना म्हटली, ती दोनशे माणसांत ऐकायची होती. पण ज्या दारात बायकोच्या भाकऱ्या कचऱ्याशेजारी ठेवल्या, त्या दारातून आत जाऊन सुटकेची गाणी म्हणायची?

आईनं टोपली उचलली, फडक्यावरची वाळू झटकली आणि पायरीवर बसली. माझी आई दाणा सांडला तर उचलून कपाळाला लावणारी. ती रडली नाही. तिनं एक भाकरी काढली, अर्धी मला दिली आणि अर्धी खाऊ लागली. आतून बाबांच्या चालीहून वेगळ्याच चालीत प्रार्थना ऐकू येत होती.

थोड्या वेळानं बगदादची म्हातारी बाहेर आली आणि आईशेजारी टेकली. तिनं टोपलीतून तुकडा मोडला आणि खाल्ला. "अच्छा," म्हणाली. मग मला हिब्रूत म्हणाली, "आमच्यातही पेसाहला तांदूळ चालतो. आज रात्री घरी केलाय मी. पण इथं आणायचा नाही. घरी, दार लावून. हळूहळू कळेल तुम्हाला."

मी विचारलं, "खलबत्ता दिलात तेव्हा माहीत होतं, आई हे इथं आणणार आहे?"

तिनं खांदे उडवले. "पहिल्या वर्षी मलाही असंच झालं. वीस वर्षं झाली. सगळ्यांनाच एकदा होतं."

मला त्या गृहस्थांपेक्षाही तिचा राग आला. दाराशी रांगेत ती आमच्या मागे तिसरी होती. एक वाक्य तिला बोलता आलं असतं: तांदूळ आम्हीही खातो. वीस वर्षांत ती दार लावून खायला शिकली, आणि तेच आता आम्हाला प्रेमानं शिकवायला आली होती. मी हे सगळं आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "जाऊ दे, म्हातारी आहे," आणि तिला आणखी अर्धी भाकरी दिली.

बाबा परत आले ते सरळ अंथरुणावर गेले.

सणाचे मधले दिवस सुरू झाले, ज्यांत स्वयंपाक-कामधंदा चालतो. त्या सकाळी मी उठले तेव्हा स्वयंपाकघरात आई नव्हती. तिनं मुंबईहून आणलेला रॉकेलचा स्टोव्ह आमच्या दाराबाहेरच्या गॅलरीत मांडला होता. ती गॅलरी सगळ्या बिऱ्हाडांची जायची-यायची वाट. तिथं पाट टाकून, पदर खोचून ती तांदळाच्या भाकरी थापत बसली होती. जिना सिमेंटचा, पोकळ. थापल्याचा आवाज चारही मजल्यांवर जात होता.

बाबा दारात आले. "आत ये. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणाले लोक," आई म्हणाली.

"अगं, शोभत नाही."

"मी चोरी करत नाही. आत बसून करायला मी काय चोरी करतेय?"

ती एवढं बोलली आणि भाकरी उलटली. बाबा आत जाऊन बसले. वरच्या मजल्यावरची एक बाई नाक मुरडून कडेनं गेली. दुपारी वसाहतीची देखरेख करणारी बाई आली, म्हणाली, स्टोव्ह बाहेर ठेवणं नियमात बसत नाही, आग लागेल. मी विचारलं, वाळूला? तिला राग आला. आईनं मला गप्प केलं आणि एक गरम भाकरी तिच्यापुढे धरली. त्या बाईनं हात मागे घेतला. आईनं ती तशीच धरून ठेवली. इतका वेळ, की शेवटी ती बाईच निघून गेली. सण संपेपर्यंत रोज आईनं गॅलरीतच भाकरी केल्या. एक दिवस ते हॉलचे गृहस्थ खालून चालले होते. आवाज ऐकून त्यांनी वर पाहिलं, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं गेले.

मी त्यांना गाठायला हॉलवर गेले होते. म्हटलं, माझ्या आईची माफी मागा. ते म्हणाले, "मी नियम पाळला. माझा तुमच्यावर राग नाही." त्यांचा आमच्यावर राग नव्हता. हे वाक्य मी अजून गिळू शकलेली नाही.

त्याच सुमारास काकूचं पत्र आलं, तिच्या मुलाच्या हातचं. यंदाही पाऊस नाही, सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात, मिलो नावाचं लाल धान्य मिळतं, ते जनावरंही तोंडात धरत नाहीत. कारखाना बंदच आहे. जातं नीट आहे. आणि खाली, सांगितलं तसं त्यानं लिहिलं होतं: तुमचा सन झाला का, तांदूळ भेटला का.

आई म्हणाली, "लिही. भेटला. इथं पोत्यांनी भेटतो."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं कशाला? ती बिचारी खडी फोडतेय."

बाबांनी तेव्हाच पहिल्यांदा परत जाण्याची गोष्ट काढली. कारखाना चालू झाला की पुन्हा घेतील, म्हणाले. मला वाटलं, आई लगेच ट्रंक काढेल. मी तर मनानं कोपरगावच्या स्टँडवर उतरलेच होते. पण आई म्हणाली, "मी येत नाही. तुम्ही आणलंत, मी आले. आता त्यांनी हाकललं म्हणून परत जाऊ? तिथं जाऊन काय सांगू, की त्यांनी आम्हाला ज्यू मानलं नाही?" आम्ही राहिलो. मी चिडून वर्षभर मराठीखेरीज घरात काही बोलले नाही, हा मूर्खपणा होता, कारण घरात तसंही कुणी दुसरं काही बोलत नव्हतं.

मध्ये त्र्याहत्तरची लढाई झाली. आमच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या उपासाच्या दिवशीच सुरू झाली. तळघरात सगळी बिऱ्हाडं एकत्र झोपली, आणि त्यानंतर माणसं थोडी नरमली. पुढच्या पेसाहच्या आधी देखरेखीची बाई स्वतः घरी आली. खुशीत होती. म्हणाली, "तुमच्या आईसाठी चांगली बातमी आहे. या वर्षी हॉलमध्ये तांदूळ खाणाऱ्यांसाठी वेगळं टेबल ठेवलंय. मागच्या बाजूला, स्वयंपाकघराशेजारी."

बाबा खरंच आनंदले. "बघ," आईला म्हणाले, "तू म्हणत होतीस ना. झालं तुझ्या मनासारखं."

आई माझ्याकडे वळली. "कारखान्याचा बॉयलर पेटवायच्या दिवशी जेवण असायचं, आठवतं? ऊसतोडीवाल्यांची पंगत कुठं बसायची?"

"मागं. गाड्या सोडायचे तिथं."

"त्यांनाही लाडू मिळायचा," आई म्हणाली. "सगळ्यांना तेच जेवण, म्हणून साहेब भाषणात सांगायचे. मी पुढच्या पंगतीत बसून जेवले आहे." मग बाबांना म्हणाली, "तुम्ही जा. मी घरी आहे."

बाबा कोट घालून गेले, एकटे. धाकटी झोपली होती. आईनं घरातच दिवा लावला, बाबांचं पुस्तक उघडलं आणि जेवढं तोंडपाठ होतं तेवढं आमच्या चालीत म्हटलं. बाईमाणसानं म्हणायचं की नाही, हे विचारायला कुणी नव्हतं. आम्ही दोघींनी पाटावर बसून विधीप्रमाणे कडू पाला खाल्ला, खजुराचा रस चाटला. दार उघडंच होतं. जेवायचं मात्र तिनं बाबा येईपर्यंत ठेवलं होतं.

बाबा लवकर आले. कोट काढून खुंटीला लावला.

"जेवलात?" आईनं विचारलं.

"थोडं."

"भात होता?"

"होता."

"मोकळा झाला होता?"

बाबा पाटावर टेकले. "नाही," म्हणाले. "गिचका. कुणीतरी युरोपवालीनं केला असेल. मीठ पण नव्हतं."

आईनं तीन ताटं घेतली.